दादाच्या घराखालची पोकळी

राजुरा. रविवार, संध्याकाळ.

दादाने आज अंगणात सळया आणून टाकल्या. घरावर दुसरा मजला चढवतोय. आणि मी समोर बसून गुपचूप चहा पीत होते.

या गल्लीखाली जुनी कोळसा खाण आहे. ती कुठवर आली ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचं क्वांटम यंत्र गुरुत्वाकर्षणातला बारीकसा फरक पकडतं, त्यावरून खाली भरीव आहे की पोकळ ते कळतं. परवा त्याने दादाच्या घराखालीच पोकळी दाखवली. यंत्र चाललं म्हणून मला आधी आनंद झाला! घर कुणाचं, ते नंतर लक्षात आलं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी माझा गुप्ततेचा करार आहे. विद्यापीठाला आधी शोधनिबंध हवा. दिल्लीची सरकारी समिती म्हणते, दुसरी मोजणी होईपर्यंत बोलायचं नाही, लोक घाबरतील. तिन्हीकडे काम करणारी मीच. समितीतला तो नियमसुद्धा मीच सुचवला होता. तेव्हा किती शहाणपणाचा वाटला होता!

शेवटी म्हटलंच, "दादा, यंदा बांधकाम राहू दे ना."

"काऊन?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

तो हसला. "तुह्यासाठीच बांधून राह्यलो न वं. कॉलेज, दिल्ली, कंपनी, तुले हक्काची खोली कुठी हाय?"

मग आभाळ भरून आलं. सळया गंजतील म्हणून तो ताडपत्री घेऊन आला. दुसरं टोक मी धरलं.