दाजींच्या सल्ल्याचं लेथ

मांजरसुंबा,
नवरात्र, दुसरी माळ

राजमान्य मोहनराव दाजींना धाकटा मेहुणा अंगद याचा वाकून नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सत्यभामाताईच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं समजतो. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मध्येच हसता. पत्र वाचून हसलात तरी मला ऐकू येणार नाही.

तर दाजी, पुण्याचं ते मशीनचं प्रदर्शन पाहून आल्यावर तुम्ही आमच्या ओट्यावर तिसरा चहा पीत म्हणाला होतात की, अंगदराव, देशी सोडा, परदेशातून लेथ मागवा, लोणी कापल्यासारखं लोखंड कापतं. (लोणीच कापायचं असतं तर मी वर्कशॉप कशाला चालवलं असतं?) पण तुम्ही पडलात घरचे जावई. मी आबांच्या, माझ्या बापाच्या हातचं जुनं लेथ समोरच्या वर्कशॉपवाल्या शहादेवला विकलं आणि चीनला ऑर्डर दिली. मशीनमागोमाग आमचे आश्रुबामामाही शहादेवकडे गेले. तीस वर्षं त्याच मशीनवर उभा राहिलेला मिस्त्री! शहादेवनं पगार वाढवून दिला असणार, दुसरं काय. आता दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी चाळीस टायरगाड्यांचे एक्सल करून देतो असा शब्द मी देऊन बसलो आहे, आणि आजपर्यंत एकही झालेला नाही.

मशीनची किंमत वेगळी आणि ते घरी येईपर्यंतची किंमत वेगळी, हे तुमच्या प्रदर्शनात कोणी सांगितलं नव्हतं वाटतं. जहाजाचं भाडं झालं, विमा झाला, कर झाला, करावर कर झाला. मग बंदरावरचा एक एजंट निघाला. तो मला 'डिअर अंगद' म्हणायचा आणि प्रत्येक डिअरमागं एक नवीन बिल पाठवायचा. एके दिवशी म्हणाला, पेटीच्या लाकडाला कीड नाही असा शिक्का पेटीवर दिसत नाही. आत हजार किलोचं लोखंड, त्याची चौकशी कोणाला नाही. सगळ्यांना काळजी बाहेरच्या फळकुटांची! त्या फळकुटांना औषधाची धुरी देईपर्यंत मशीन बंदरात पडून राहिलं, आणि पडून राहिल्याचंही भाडं लागलं. आपल्याकडे पाहुणा महिनाभर लोळला तरी कोणी त्याच्याकडे भाडं मागत नाही. (हे तुम्हाला उद्देशून नाही.)

शेवटी ट्रक आला तो नेमका शनिवारी. आई दारात आडवी. "शनवारी लोखंड घरात? आन् तेबी समिंदरावरून आलेलं? न्हाई म्हंजे न्हाई!" मग ट्रक दिवसभर ढाब्यावर उभा. ड्रायव्हरनं दोन वेळा शेवभाजी हाणली, ती माझ्या नावावर. रविवारी जेसीबीनं पेटी उतरवली, नारळ फुटला, पेढे वाटले, पेटी उघडली. आणि दाजी, आत निघालं काय? अडीच फुटी बाहुली! रंग झकास, दिवे तीन, पण आमचा पाच फुटी एक्सल त्यात बसेना. फार तर लाटणी होतील. कंपनीला खरमरीत लिहिलं, तर उत्तरात हात जोडलेलं चित्र आलं. असली ही परदेशी अक्कल आणि असला तुमचा सल्ला.

ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

आपला,
अंगद

ता. क. शहादेव भला माणूस निघाला. माझे एक्सल जुन्या लेथवर करून द्यायला तो तयार आहे. पण आश्रुबामामा म्हणतात, "अंगदच्या मालाला मी हात लावणार न्हाई." तुम्ही लग्नापासून त्यांना मामा म्हणून वाकता, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. दसऱ्याच्या आधी या.

पुन्हा ता. क. येण्याआधी तुम्हाला खरं कळलेलं बरं. ऑर्डरच्या फॉर्मवर इंग्रजीत 'बेड' असा रकाना होता. मला वाटलं, या लोकांना आपल्या बीड जिल्ह्याचं स्पेलिंगसुद्धा येत नाही. मी ते खोडून नीट लिहिलं: बीड, महाराष्ट्र. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "मालक, ते गाव न्हाई इचारलं. लेथच्या बेडाची, म्हंजे खालच्या पाटाची लांबी इचारलीय." मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुला इंग्रजी कळतं का बे?" लांबी लिहिलीच नाही, म्हणून कंपनीनं सगळ्यात आखूड मशीन पाठवलं.

पगाराचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. शहादेवकडे त्यांना पाचशे रुपये कमीच मिळतात. आबा मालक होते, पण त्यांनीही मामांना कधी 'बे' म्हटलं नव्हतं. मला माफी मागायची लाज वाटते, आणि न मागता झोप लागत नाही. तुम्ही पुढं होऊन बोला, मी तुमच्या मागं उभा राहीन. मामांनी एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं, तर पुढचं मी बोलेन.