चंदानं आणलेलं पुडकं

इंझोरी, ४ नोव्हेंबर २०२५

चि. ज्योत्स्नाले आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पहिले आली रंगूबाई. तिच्या मांगं बचत गटाच्या साऱ्या बाया. अंगणातूनच तिनं सुरू केलं, का पोस्टातली चंदा चोट्टी हाय म्हणे. आमी साऱ्याईनं, मीबी त्यातच, मोबाईलवर पाहून लुगडी बोलावली होती. चंदानं पुडकी आणून देली, पैसे घेतले. बायाईनं फोडून पाह्यलं तं आत बारदान्याच्या चिंध्या! आता म्हणतात, चंदानंच लुगडी काढली, तिले नोकरीवरून काढा.

असा राग आला मले! माह्या डोळ्याले तुहं बारीक अक्षर दिसत नाई तं तुही पत्रं मले कोण वाचून दावते? तेच पोर ना? रंगूबाईले म्हटलं, तुह्या जिभेले काही हाड?

माहं पुडकं अजून फोडलं नाई. नव्या लुगड्याची घडी लेकीबाळीनं मोडावी, म्हणून तुह्यासाठी देवापुढं ठेवलं. हळदकुंकूबी लावलं. तू वकिली शिकून राह्यली, सांग काय करू. हे पत्र चंदाच्याच हाती देतो. जळणारे जळोत.

माया पातळ करू नको.
तुही आजी, गोजराबाई

अकोला, ८ नोव्हेंबर

ती. आजीच्या पायांवर डोकं. वि. वि.

आजी, ते पुडकं मुळीच फोडू नकोस. एक माल दाखवून दुसराच पाठवणं ही फसवणूक आहे, त्याला तुरुंग आहे. वाटेत कोणी टपाल फोडलं तर तोही गुन्हा. दोन्हींतला कोणता घडला, ते तुझं बंद पुडकंच सांगेल. डाक इन्स्पेक्टरला बोलाव, पंचांसमोर उघडायला लाव. आणि हळदकुंकू पुरे कर, पत्ता पुसेल!

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी ज्योत्स्ना

इंझोरी, १४ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्नाले उदंड आशीर्वाद. वि. वि.

काल इन्स्पेक्टरसाहेब अन् मानोऱ्याच्या पोलीस ठाण्याचे जमादार आले. माह्या ओट्यावर अर्धं गाव! मी चहा मांडला, साखर संपली, तेबी रंगूबाईच्या घरून आणली. साहेबानं टेप पाह्यली, कुठं उकललेली नाई. वजन केलं, तं पुडक्यावर धाडतानाचं छापलेलं तेवढंच. मंग फोडलं. आत चिंध्याच! साहेब म्हणाले, हे तिथूनच भरून आलं, पोरीचा काही दोष नाई. चंदा ढसाढसा रडली. म्या तिले पोटाशी धरलं. लुगडं गेलं त्याचं काही नाई व, पोर वाचली.

पण रंगूबाईचं पाह्य! म्हणते, झालं गेलं सोडा, तक्रार नको, पैशावरून घरचे बोलतील. मी चवताळली. म्हटलं, चंदाले चोट्टी म्हणतानी तोंड गावभर होतं, अन् खऱ्या चोराचं नाव घेतानी पदराआड काहून?  मंग तेच रंगूबाई चंदाच्या दारी जाऊन तिच्या हातात साखर ठेवून आली.

जमादार म्हणाले, जबाब साऱ्या बायाईचे घ्या लागतात. रंगूबाईचा पहिले लिवा, असं मी त्याईले सांगून देलं. सोमवारी येतो म्हणाले.

तुही आजी, गोजराबाई