प्रतिक्षाचा दुसरा डोस

प्रिय प्रतिक्षा,

रोज फोनवर बोलणारी आई आज पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. कारण शेवटी सांगते. उद्या बाबांची सकाळची शिफ्ट आहे, रोह्याला कंपनीत जाताना ते ही पिशवी तुझ्या होस्टेलवर देतील. आधी पत्र वाच, मग लाडवांना हात लाव.

आधी घरची बातमी, तू काळजी करशील म्हणून फोनवर सांगितली नव्हती. तुझ्या धाकट्या भावाला, साईराजला, कांजण्या आल्यात. घाबरू नकोस, ताप उतरलाय, खपल्या धरायला लागल्यात आणि शाळा बुडल्यामुळे स्वारी खुशीत आहे. देवी आली म्हणून आजीने सगळं घर ताब्यात घेतलंय. दाराला कडुलिंब, स्वयंपाकाला फोडणी बंद. बाबा रोज बिनफोडणीचं वरण मुकाट्याने जेवतात. मला केवढं कौतुक वाटलं! परवा त्यांच्या खिशात वडापावचा कागद सापडला. रोह्यातच पोट भरून येतात, लबाड!

तू नर्सिंगला निघालीस तो दिवस मला सारखा आठवतो. कॉलेजने सांगितलं होतं, वॉर्डात ड्युटी करायची तर काविळीची लस हवी, आणि ज्यांना कांजण्या झाल्या नाहीत त्यांनी त्या लशीचेही दोन डोस घ्यायचे. काविळीचं आजीला काही वाटलं नाही. कांजण्यांचं ऐकून मात्र ती बिथरली. "देवी पावणी म्हणून येते गो, तिच्या तोंडावर दार लावतेस?" तू पहिला डोस घेतलास आणि तिने बोलणंच टाकलं. निघताना तू पाया पडलीस, तर तिचा हात मांडीवरून उचलला गेला नाही. रिक्षात तू सारखी बाहेर बघत होतीस. का ते मला कळत होतं.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस, दुसरा डोस नकोच, आजी कायमची तुटेल, वॉर्डात नाही घेतलं तर येईन घरी परत. मी विषय बदलला, कारण ती शेजारीच वाल निवडत बसली होती.

आणि मग साईराजच्या अंगावर फोड दिसले. आजीने मला विचारलं, "नमिता, तुला येऊन गेल्यात ना?" माहेरी, रोह्याजवळच्या अष्टमी गावात, सगळ्या भावंडांना झाल्या होत्या, मी तेवढी सुटले होते. हे ऐकून तिचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला, रामवाडीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठेपणी झाल्या तर जड जातात, लस घ्यायची वेळ अजून गेलेली नाही. मी आजीकडे बघत राहिले. तिने पदर खोचला. "द्या हिला. पोराचं करायचं हाय, आजारी पडून चालायचं नाय." माझा दंडही तिनेच धरला. सुई निघाल्यावर तिने सिस्टरला विचारलं, "माझ्या नातीला दिली ती हीच?" सिस्टर हो म्हणाली. परत येताना आजीने पेणच्या बाजारात नारळ घेतला आणि घरी देवीपुढे ठेवला. "दार उघडंच हाय बाय माझं. पण या पोरींना कामं हायत, रागावू नको." आता लस घेतली म्हणून माझ्याही उशीखाली कडुलिंब आहे, म्हणजे फोडणी आणखी लांबली! मी हसून घेते, पण खरं सांगू, मला फार बरं वाटतंय.

आता पत्राचं कारण. शनिवारी तुझा दुसरा डोस आहे. साईराजला टाकून मला येता येत नाही. आजी येते आहे. जिते स्टेशनवरून रेल्वेने, एकटी. तिला लहानपणीच कांजण्या होऊन गेल्यात, त्यामुळे काळजी नाही. लुगडं आत्तापासून काढून ठेवलंय आणि तुला सांगायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद आहे. मी फोन लावला की कान देऊन बसते, म्हणून हे पत्र. तू डोस चुकवून कुठे मैत्रिणीकडे गेलीस, तर म्हातारी तिथे कुणाचा दंड धरणार? तेव्हा वेळेवर जा. तिला बघून दचकल्यासारखं कर. आणि सुई झाली की वाकून पाया पड. काल दिवा लावताना ती आपणहून म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा राहून गेला गो माझा." तेवढ्यासाठी येते आहे ती.

वरणाला फोडणी पडायची वाट बघणारी,
तुझीच
आई