जिवंत द्रौपदीचा हिस्सा

मी, नाथा हिरू भोईर, वय सदुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार उल्हासनगर कॅम्प ४, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दाब नसताना लिहितो. मुलगा रघू दाराबाहेर सारखा खोकतो आहे, तो दाब मी मानत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. खाडाखोड दिसेल तिथे माझीच सही आहे, उगाच शंका काढू नये.

१. हत्यारे रघूला. त्याने रंधा कधी हातात धरला नाही. गंजवण्यापेक्षा विकावीत.

२. बँकेतली ठेव नात सोनियाला, तिची कादंबरी छापण्यासाठी. तीत एक मुलगी धरणात बुडालेल्या घरात उतरते. भिंती श्वास घेतात, देव्हाऱ्यात मासे फिरतात आणि खिळे ठोकलेल्या दाराआड, घरच्यांनी मेली म्हणून सांगितलेली बाई केस विंचरत बसलेली असते. रघू म्हणतो, "आप्पा, ही भुताटकी छापली तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही." भुताटकी माझ्या थोरल्या भावाने, कोंडाजीने केली. पोरीने फक्त दार उघडले.

३. कोंडाजीला काही नाही. त्याने माझ्या मयताला खांदाही देऊ नये. गाव धरणात गेले त्या साली आमच्या बहिणीने, द्रौपदीने, परजातीत लग्न केले. कोंडाजीने सगळ्यांना सांगितले, ती बुडाली. अब्रू राहिली, जमिनीतला तिचा वाटाही त्याच्याकडे राहिला. मी लहान, खरे मानले. कॅम्पात नळाला त्याच बारवी धरणाचे पाणी. जन्मभर मी ते दोनदा गाळून, उकळून प्यालो, की यात बहीण आहे. आणि ती बदलापुरात सासू होऊन बसली होती!

सोनियाला संशय आला तो कोंडाजीकडच्या सर्वपित्रीला. घरातल्या प्रत्येक मेलेल्याचे पान वाढले, द्रौपदीचे नाही. विचारले तेव्हा कोंडाजीची बायको बनूबाई बोलून गेली, "जित्या मानसाचं पान वाढतान का गो?" जगाशी खोटे बोलायला यांना भीती नव्हती, कावळ्याची होती. तिथून पोर शोधत बदलापूरला गेली.

४. माझी राहती खोली मी द्रौपदीला लिहिली होती. सोनियाने तिला रिक्षाने आणले. ऐकून द्रौपदी म्हणाली, "नाथ्या, खोली नको. खोलीसाठी वर आली म्हणतील."

मग तिने वकील हिमानीताईंना विचारले, "साक्षीदाराला काय मिळतं?"

"काही नाही, आजी. उलट वाटा लिहिला असेल तर तोही जातो."

"पन तो लिहितो काय?"

"की मी इथे हजर होते, डोळ्यांनी पाहिलं."

"हजर व्हते, असं सरकारी कागदावर येल?"

"येईल."

"मग ती शाई आन इकडं."

म्हणून ते कलम रद्द करून खोली सोनियाला देतो. या कागदाची एक प्रत कोंडाजीला मी जिवंत असतानाच पोस्टाने पाठवावी. त्याला वाचता येते.

उल्हासनगर, १७ नोव्हेंबर २०२५
लिहून देणार: नाथा हिरू भोईर (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
धर्मराज, शेजारी (सही)
द्रौपदी हिरू भोईर, माहेरचेच नाव घाला म्हणाली, राहणार बदलापूर, हयात (डाव्या हाताचा अंगठा)