लोकरीच्या लडी

मुंबई, ९ जानेवारी १९३४

ती. जिजीस,
चुडामणचा साष्टांग नमस्कार. वि. वि. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा विमान एकट्याने उडवले. शिकवणारे साहेब खाली उभे, आणि मी वर!

लायसन्सला एकट्याचे तीन तास लागतात, दोन खुणांभोवती आठचे आकडे काढायचे, उंचावरून इंजिन मंद करून नेमक्या जागी उतरायचे. ते सारे काल पुरे झाले. आता तोंडी परीक्षा आणि सरकारी डॉक्टरांकडे डोळ्यांची तपासणी राहिली. आप्पांना सांग, मिरची वाळवायच्या पथारीवर ज्याला ‘तुन्हा डोया फुटनात का’ म्हणत फोकाने बडवलेत, त्याने विमान उतरवले. ते हसले की नाही, तेवढे कळव.
तुझा चुडामण

नंदुरबार, १७ जानेवारी

चि. चुडामणास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. आप्पा हसले नाहीत, पण बाजारात मिरचीच्या व्यापाऱ्याला, प्रेमचंद शेठला, सांगून आले म्हणे.

मला मात्र धास्ती वाटते रे. वाळत्या लाल मिरचीतून हिरवी काढायला बसवले की तुझ्या ढिगात हिरवी राहायचीच. आप्पा म्हणायचे, आळशी आहे. तू मला हळूच विचारायचास, ही कोणती? मी हसायची आणि तुझा ढीग निवडून द्यायची. आता हसू येत नाही. जपून राहा.
तुझी जिजी

मुंबई, २ फेब्रुवारी

ती. जिजीस नमस्कार. डॉक्टरांनी पुढ्यात रंगीत लोकरीच्या लडी ओतल्या आणि लाल तेवढ्या वेगळ्या काढायला सांगितल्या. जिजी, पुन्हा पथारीच! फक्त शेजारी तू नव्हतीस. माझ्या ढिगातून त्यांनी तीन हिरव्या उचलल्या.

म्हणाले, हा जन्माचा दोष आहे, त्याला औषध नाही. लाल-हिरवे दिवे न ओळखणाऱ्याला लायसन्स मिळत नाही. आता विमाने पुसायची नोकरी तेवढी उरली. घरी यायला तोंड नाही. आप्पांना सांगू नकोस.
अभागी चुडामण

नंदुरबार, ११ फेब्रुवारी

चि. चुडामणास आशीर्वाद. तुझे ऐकले नाही, पत्र आप्पांना वाचून दाखवले. ‘जन्माचा दोष’ एवढेच त्यांनी तीनदा वाचायला लावले. मग फोक धरायचा तो उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

आज पथारीवरून आले आणि मला म्हणाले, “त्याले लिखी दे, घर ये. मिरच्या मी निवडसू.”

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझी जिजी