निळे पडलेले पक्षी

बेटावरून,
४ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेला थोडा राग.

आधी खुशाली. आम्ही दोघं ठीक. आपल्या फोटोच्या दुकानाचं दार वाऱ्याने पुन्हा बिजागरीतून निघालं. तुझ्या काकांनी ते बसवलं, तेव्हापासून ते उघडतं पण लागत नाही. काका म्हणतात, गिऱ्हाइकाला आत यायला बरं. फोन करायला टेकडीवर चढावं लागतं आणि वर गेलं की निम्मं बोलणं वाराच खातो, म्हणून आपलं पत्र बरं.

आता राग. बंदरावरच्या नव्या प्रतीक्षागृहाच्या भिंतींवर आपल्या बेटांचे मोठे फोटो लावायचे म्हणून बंदराच्या साहेबांनी माझ्याकडे शब्द टाकला होता, ते तुला ठाऊकच आहे. तू छापून पाठवलेला नमुना मी मोठ्या ऐटीत त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो परत पाठवला आणि वर निरोप दिला, की बाई, तुमचे पक्षी थंडीने निळे पडलेत का? चिमणे, माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू!

अगं, तो सुरय आहे. समुद्रावरचा सगळ्यात पांढरा पक्षी. आणि तो फोटो काय सहज मिळाला? कड्याच्या टोकाशी आपलं कापडी लपण आहे ना, त्यात मी एकटी जाऊन बसले तर पक्षी घरट्याकडे फिरकत नाहीत. आत कुणीतरी शिरलंय हे त्यांना पक्कं कळतं. म्हणून आम्ही दोघं आत शिरतो आणि जरा वेळाने काका एकटेच बाहेर पडून मोठ्याने गुणगुणत टेकडी उतरतात. पक्ष्यांना मोजता येत नाही. त्यांना वाटतं, गेली पीडा. मग ते येतात आणि माझं काम होतं. आमचा सगळा धंदा काकांनी दोघांच्या वतीने निघून जाण्यावर उभा आहे.

एवढं करून काढलेल्या फोटोचे रंग मी संगणकावर डोळ्यांत तेल घालून लावले आणि तो कार्डावर भरून बोटीने तुझ्याकडे पाठवला. माझ्या पडद्यावर पांढरा असलेला सुरय तुझ्या छपाईत निळा कसा होतो? मला विचारशील तर तुझं मशीन बिघडलंय. शाई बदल, मशीन बदल, नाहीतर मावशी बदल.

ताईला माझा नमस्कार सांग. राग मशीनवर आहे, लोभ तुझ्यावर. दोन्ही कळावेत.

तुझी,
मावशी


शहरातून,
१२ मार्च

ती. मावशीस,

चिमणीचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मशीनला वाचून दाखवलं. ते गप्प आहे.

मावशी, चेष्टा बाजूला. मी शाई तपासली, कागद बदलून पाहिला. तुझ्या सुरयाच्या पाठोपाठ त्याच मशीनवर एका तान्ह्या बाळाचे फोटो छापले. बाळ गुलाबीच आलं. मग मी तुझे जुने फोटो काढले आणि माझं दुकान बंद केल्यावर जमिनीवर ओळीने मांडले. आई चहा घेऊन आली ती पाय कुठे ठेवू म्हणून दारातच उभी राहिली. तुझे सुरुवातीचे सुरय पांढरे आहेत. नंतरचे पाणी घातलेल्या दुधासारखे. आणि आताचे, रागावू नकोस, साहेब म्हणतात तसेच आहेत. हे मशीनमध्ये होत नाही गं. कार्डावरच ते निळे येतात.

म्हणून एक विचारते. कॅमेऱ्यातून बघताना तू कायम उजवाच डोळा लावतेस ना? एकदा एखादी पांढरी वस्तू घे. आधी उजवा डोळा झाकून बघ, मग डावा झाकून. दोन्ही वेळा ती सारखीच पांढरी दिसते का, तेवढं कळव.

शाई बदलता येते, मशीनही बदलता येतं. तिसरी वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून काळजी.

काकांना नमस्कार, आणि दाराला शुभेच्छा.

तुझी,
चिमणी


बेटावरून,
१९ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. डोळे ठीक आहेत.

दुकान बंद करायचं ठरवलं आहे. गुडघे टेकडी चढू देत नाहीत. साहेबांना कळवून टाकलं, की दुसऱ्या कुणाला सांगा. कोण कुठली मी, एका जुन्या कॅमेऱ्याशी खटपट करत शिकले, आता पुरे झालं. मोठी लेन्स तुझ्याकडे पाठवून देऊ का? इथे पडून बुरशी धरेल.

ताईला यातलं काही बोलू नकोस. बाकी ठीक.

मावशी


बेटावरून,
२० मार्च

चि. चिमणीस,

काकांचे आशीर्वाद. माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. मी पत्र लिहीत नाही, कारण आमच्या घरी लिहिणं आणि बोलणं ही दोन्ही खाती तुझ्या मावशीकडे आहेत. पण काल तिने तुला लिहिलेलं चार ओळींत आटोपलं, हे मी पाहिलं आणि आज स्वतः कागद घेऊन बसलो.

तिचे गुडघे उत्तम आहेत. माझ्या आधी टेकडीवर पोचते आणि वरून मला नावं ठेवते.

तुझं पत्र आलं त्या दुपारी ती मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांपुढे उभी होती. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. माझा पांढरा सदरा दोरीवर होता. तो तिने काढला आणि परत भिजवला. मला म्हणाली, तुम्हाला कपडे नीट धुता येत नाहीत. पोरी, तो सदरा तिनेच धुतला होता.

दुसऱ्या दिवशी लपणात गेलो. माझी बाहेर पडायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, आज तुम्ही थांबा, मीच जाते. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मला तर नुसतं बटण दाबता येतं. पक्षी आले तसा मी शिंकलो आणि सगळं मुसळ केरात. पण खरं सांगू, मला पक्ष्यांचं वाईट नाही वाटलं. टेकडी उतरताना ती गुणगुणत नव्हती, त्याचं वाटलं.

तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुझी आजी शेवटी शेवटी भिंतीला हात लावून घरात फिरायची. त्यांच्या घरात डोळे जातात असं हिने केव्हाचं धरून ठेवलंय. मी विषय काढला की ती भांडी घासायला उठते. घासलेलीच भांडी.

तू काहीतरी कर. तुझं ती ऐकत नाही, पण तुझ्याशी भांडते तरी. माझ्याशी भांडायचंसुद्धा सोडलंय.

तुझे,
काका


शहरातून,
२७ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार. आज लाडीगोडी नाही. काकांवर ओरडू नकोस, त्यांनी मला सदऱ्याचं कळवलं आहे.

तू सांगू नकोस म्हणालीस, तेच आधी केलं. आईला सांगितलं. ती म्हणाली, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी कुणी नेलंच नव्हतं. आजीच म्हणायची, राहू दे, माझं बघायचं ते बघून झालंय. आणि सगळ्यांनी ते ऐकलं. मावशी, आजीला काय झालं होतं हे कुणालाही माहीत नाही. तुलाही नाही. तू एका नाव नसलेल्या दुखण्याला घाबरून दुकानाला कुलूप लावायला निघाली आहेस, आणि तेही लागत नसलेल्या दाराला.

इथल्या डॉक्टरीणबाईंना मी तुझे फोटोच नेऊन दाखवले, सालवार लावून. त्या बराच वेळ बघत होत्या. तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही म्हणाल्या, पण हे मोतीबिंदूसारखं दिसतंय. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. तुला सगळंच पिवळट दिसतं, म्हणून तू ते घालवायला हळूहळू निळं वाढवत गेलीस. म्हणजे तुझी नजर गेली नाही गं. समोर पिवळी काच असताना तू पांढऱ्यासाठी झगडत होतीस.

पुढच्या बोटीत बस. आई धक्क्यावर उभी राहणार आहे, आणि तू उतरली नाहीस तर ती त्याच बोटीने तिकडे येईल म्हणते. तुला माहीत आहे, तिला बोट लागते. विचार कर.

तुझी,
चिमणी


शहरातून,
२१ एप्रिल

अहो,

सा. न. वि. वि. आज पहिल्यांदाच लिहायची परवानगी मिळाली आहे. तीही थोडंच, म्हणून चिमणी मांजरीसारखी समोर बसली आहे.

उजवा डोळा झाला. मोतीबिंदूच होता, चांगला पिकलेला. डाव्याचा नंतर काढतील. मागचा पडदा शाबूत आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं. ताई बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं तर ती आधी हसली, मग आईची आठवण काढून आम्ही दोघी रडायला लागलो, तर आतून परिचारिका धावत आली, की डोळ्यात पाणी येऊ देऊ नका! ताईने मला गप्प केलं आणि माझ्या वाटणीचंही तीच रडली.

पट्टी काढली तेव्हा समोर उशीचा अभ्रा होता. मला वाटलं कुणी दिवा लावलाय. अहो, अभ्रा होता तो. नुसता पांढरा अभ्रा. मी त्याला हात लावून पाहिला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग चिमणीच्या दुकानात जाऊन माझा तो सुरय पाहिला. उजवा डोळा झाकला, तर फोटो झकास. डावा झाकला, तर अगं बाई! साहेबांनी फारच सौम्य शब्दांत सांगितलं होतं. मी हसत सुटले. मशीनची रीतसर माफी मागितली.

आता मला खरं सांगा. फोटो निळे आहेत हे तुम्हाला दिसत नव्हतं का?

तो सदरा स्वच्छ होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. डोळ्यांत औषध वेळेवर पडतंय. तुम्ही वेळेवर जेवा.

तुमची,
मी


बेटावरून,
२८ एप्रिल

सौ. बाईसाहेबांस,

आनंदाचा नमस्कार. तुझं पत्र मी धक्क्यावरच उभ्याने वाचलं आणि बोटवाल्याला वाचून दाखवलं. त्याने त्याच्या बायकोला सांगितलं, म्हणजे आता बेटावर छापून लावायची गरज नाही.

दिसत होतं. निळे आहेत हे मला दिसत होतं. पण मला वाटलं, ही कला आहे.

बोटवालाही तेच म्हणतो. शाळेच्या बाई तर म्हणाल्या, आम्ही सगळे समजून होतो, की मोठ्या चित्रकारांचा असतो तसा बाईंचा निळा काळ चालू आहे. तू रागावशील म्हणून कुणी विचारलं नाही, आणि आपल्याला कलेतलं काय कळतं म्हणून मीही नाही. यापुढे विचारत जाईन. तू रागावलीस तरी चालेल. तू रागावत नव्हतीस ते दिवस फार वाईट गेले.

पक्षी अजून कड्यावर आहेत. पिल्लं बाहेर आली आहेत. मी काल एकटाच लपणात जाऊन बसलो. एकही आला नाही. ते बाहेर बसून वाट बघत होते, आत मी वाट बघत होतो. शेवटी मीच उठून आलो.

साहेब दुकानात येऊन गेले. भिंती अजून रिकाम्याच ठेवल्या आहेत म्हणाले. दार आता लागतं, पण उघडत नाही. तू ये, मग बघू.

तुझा,
मी


बेटावरून,
२० मे

चि. चिमणीस,

भरभरून आशीर्वाद. या वेळी त्यांच्याखाली काही लपवलेलं नाही.

प्रवास सुखाचा झाला. धक्क्यावर काका तोच पांढरा सदरा घालून उभे होते. कितीदा धुतला होता कोण जाणे, खिसा निघून आला होता. दुकानात खिडकीतून शिरलो. भिंतीवरचे माझे सगळे फोटो एका दमात पाहिले आणि बाई, थंडी वाजायला लागली! एकेक उतरवत होते, तर शाळेच्या बाई आल्या आणि त्यांना घरच्यासाठी निळाच हवा म्हणून अडून बसल्या. पांढरे पक्षी काय, कुणीही काढतं म्हणे. देऊन टाकला. कलेपुढे मी कोण बोलणार?

काल लपणात गेलो. जरा वेळाने काकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, कोण थांबणार म्हणून. मी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि म्हटलं, निघा आता. ते बाहेर पडले आणि गुणगुणायला लागले, ते इतक्या मोठ्याने, की मला वाटलं आज पक्षी बेट सोडून जाणार. पार खालच्या पायवाटेपर्यंत ऐकू येत होतं.

आणि चिमणे, ते आले. आधी एक, मग सगळेच. पिल्लू एका खडकाच्या कपारीत होतं, त्याची आई चोचीत मासा धरून त्याच्याशेजारी उतरली. तिच्या पंखाखाली सावली होती आणि पिसांच्या कडेला ऊन. एका पांढऱ्यात इतके पांढरे असतात हे मी विसरले होते. बटण दाबायचं तेवढं राहून जाणार होतं, पण हाताला आठवण होती.

सोबतच्या कार्डात तो फोटो आहे. साहेबांना दाखवायचाय, म्हणून मोठा छाप. त्यातल्या एकाही रंगाला मी हात लावलेला नाही. तूही लावू नकोस. मशीनला माझा नमस्कार सांग.

डाव्या डोळ्यासाठी पावसाळ्यानंतर येईन. न बोलावता.

ताईला म्हणावं, आता तू बोटीने इकडे ये, मी धक्क्यावर उभी राहीन. लांबूनच ओळखेन.

लोभ आहेच. आता तो मला स्वच्छ दिसतो, एवढंच कळवायचं होतं.

तुझी,
मावशी