ताडपत्रीचा टाय

हुमनाबाद, रविवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या संगमेशचे शरणु शरणार्थी. तुझे गुडघे उदगीरच्या त्या जिन्यापुढे काय म्हणतात? दाजींची शुगर आणि तिच्याबरोबर वाढणारा त्यांचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आपली अव्वा ठणठणीत आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि पत्र मध्येच तोडता येत नाही.

आमच्या शिवलीलेच्या व्हिसाचं काय झालं ते तुला सविस्तर कळायलाच हवं. कारण बसवजयंतीला चार पाहुण्यांसमोर तूच म्हणाली होतीस, की पोरगी अमेरिकेला शिकायला गेली की गेली, परत येत नसते. तर अक्का, गंमत अशी की तिथल्या सरकारलाही नेमकी तुझीच शंका असते. शिकून झाल्यावर पोरगी घरी परतेल असं पटलं नाही, तर व्हिसा देत नाहीत. (मला आधी कळलं असतं तर तुलाच तिकडे नोकरीला लावलं असतं.)

पण हे मला सांगितलं कुणी? आमचा एजंट वीरण्णा (बीदरला चपलांच्या दुकानावर त्याचं ऑफिस, पाटीवर विमान काढलंय, तेही खाली उतरणारं) फोनवर एवढंच म्हणाला, "अण्णा, कागद समदे बरोबर हायत. पर होम टाय स्ट्राँग पायजे बघा. फॅमिली टाय. न्हाई तर तिथल्या तिथं रिजेक्ट." नेमकी माझ्या दुकानापुढून लॉरी गेली, म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा टायच ऐकू आला. आता लॉऱ्यांना ताडपत्री आणि दोर विकण्यात माझी हयात गेली. स्ट्राँग म्हणजे काय, हे मला अमेरिकेने शिकवावं? मरून रंगाचं कापड आणलं (फॅमिली म्हटल्यावर सगळ्यांचे टाय एकाच कापडाचे हवेत, ही माझी अक्कल), आत आपल्या दुकानातल्या ताडपत्रीचं अस्तर दिलं आणि रेवणसिद्धप्पा टेलरकडून घरातल्या चौघांचे चार टाय शिवून घेतले. त्याच्या मशीनच्या सुया मोडल्या, पण माल असा झाला की गाठ मारायला दोन माणसं लागायची. शिवाय होम टाय, म्हणजे घरातही घालायचा. आठ दिवस आम्ही टाय घालून जेवलो. मान वळत नसल्यामुळे आमटी मागायची तर सगळं अंग फिरवावं लागे.

अव्वाने मात्र गळ्याला हात लावू दिला नाही. "माझ्या गळ्यात लिंग हाय. तेच्या जोडीला दुसरं कायबी बांधणार न्हाई," म्हणाली. शेवटी टाय कमरेला गुंडाळला आणि त्यात पानाची चंची खोवली. शिवलीला तो थाट बघून खोलीत गेली, दार लावून बराच वेळ खोकत होती आणि डोळे पुसत बाहेर आली. मला वाटलं, इंटरव्ह्यूच्या भीतीने रडली बिचारी. आपला टाय तिने पर्समध्ये टाकला, तिथं गेल्यावर घालते म्हणाली.

असे आम्ही गाडी करून हैदराबादला निघालो. टोलनाक्यावरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "बँड कौन से गाँव का है जी?" वकिलातीच्या दारातल्या गार्डने सांगितलं, आत फक्त पोरगी जाईल, फॅमिली बाहेर. मी विचारलं, मग फॅमिली टाय कुणी दाखवायचा? त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग अव्वाच्या कमरेकडे, मग आभाळाकडे. त्यात शिवलीलेची पर्सही आत नेऊ देईनात, म्हणजे तिचाही टाय बाहेर. व्हिसा बुडाला असं धरून मी समोर मोसंबीच्या रसाच्या गाड्याजवळ तुझी भावजय मल्लेश्वरी, अव्वा आणि स्वतःला ओळीने उभं केलं. साहेबाने चुकून खिडकीतून पाहिलंच, तर नीट दिसावं. ऊन मी म्हणत होतं. ताडपत्री किती तापते हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही.

शिवलीला मोकळ्या हातांनी बाहेर आली. पासपोर्ट कुठंय विचारलं तर म्हणे, त्यांनी ठेवून घेतला. जप्तीच! मी फुटपाथवर मटकन बसलो (मान तेवढी ताठ राहिली) आणि तुझ्या भावजयीने रडायला सुरुवात केली. तेव्हा पोरगी सांगते, की व्हिसा मंजूर झाला की तो चिकटवायला पासपोर्ट ठेवूनच घेतात. साहेबाने विचारलं होतं, परत जाशील कशावरून? हिने इंग्रजीत उत्तर दिलं, की माझं सगळं घर बाहेर उन्हात टाय घालून उभं आहे, आणि मी परतल्याशिवाय ते टाय काढणार नाहीत. साहेब म्हणे खुर्चीत मागे रेलून हसला. मग तिने मला समजावलं, की त्यांच्या भाषेत टाय म्हणजे नातीगोती, घराची ओढ. आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

"मग आठ दिवस बोलली कामून न्हाईस?"

"अप्पा, तुम्ही एवढ्या हौसेनं शिवून घ्यायलाव. कसं सांगू?"

तर अक्का, सरकारची शंका फिटली. गुरुवारी विमान आहे. मला वाईटबिईट काही वाटत नाही. उलट घरातली एक खोली रिकामी होते, तिथे नव्या दोरांची बंडलं ठेवता येतील. दाजींना शरणु, लेकरांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
संगमेश

ता. क. : टाय वाया गेले नाहीत. नरसिंग ड्रायव्हरने मल्लेश्वरीचा टाय लॉरीच्या मागच्या फाळक्याला बांधून सोलापूर गाठलं. सुटला नाही.

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. गुरुवारच्या आत ये. दोरांचं मी उगाच लिहिलं, त्या खोलीत मला आत्ताच पाऊल टाकवत नाही. परत येईन असं तिने साहेबाला इंग्रजीत सांगितलंय. मराठीत किंवा कानडीत घरातल्या कुणाला अजून सांगितलेलं नाही. मला विचारायचा धीर होत नाही. तू चारचौघांत तोंडावर बोलणारी, तूच एकदा विचार.

ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता थांबलो. सकाळपासून माझा टाय सापडत नव्हता. आत्ता शिवलीलेच्या बॅगेची चेन लागेना म्हणून दाबायला गेलो, तर स्वेटरच्या खाली तो. मी डोक्यावरून काढून ठेवला होता तसाच, गाठीसकट. मी चेन लावून दिली. तू ये, पण आता विचारू नकोस.